एकही तक्रार नाही

आमच्या गावचे सुहास ठोसर सॉफ्टवेअरपासून राजकारणापर्यंत सगळ्यांचे वाभाडे आपल्या ब्लॉगवर काढतात. नगरपालिकेची तक्रारींची नवी वेबसाइट बिनकामाची आहे, असं त्यांनी लिहिलं, तेव्हा नगराध्यक्ष उगलेतात्यांनी त्यांना भरसभेत उभं केलं.

"ठोसर, महिनाभरात वेबसाइटवर एकही तक्रार आली नाही. लोक समाधानी आहेत. माफी मागा, नाहीतर ब्लॉग बंद करा!"

"मागतो की तात्या. आधी तुमचं समाधान तेवढं त्याच वेबसाइटवर नोंदवा."

तात्यांनी ऐटीत मोबाइल काढला, चार ओळी लिहिल्या, आपला नंबर टाकला आणि ओटीपीची वाट बघत बसले. सगळ्यांचा चहा पिऊन झाला, तरी ओटीपी काही येईना.

ठोसर शांतपणे म्हणाले, "तात्या, अख्खं गाव महिनाभर असंच समाधानी आहे."