तिळूची झोळी आणि धडधडणारी जीप

एक होती कोळीण. जाळं विणणारी, तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू.

तिळूचं घर कुठे? हौसाक्काच्या जुन्या जीपवर. डाव्या आरशामागे. हौसाक्का जीपमधून वांगी न्यायची, बाजाराला. वांग्यांबरोबर तिळूही जायची. फुकटात!

आरशाला तिळूची झोळी. झोळीत पांढरं गाठोडं. गाठोड्यात तिळूची बाळं, गाढ झोपलेली. किती बाळं? तिळूलाही ठाऊक नाही. पुष्कळ.

जीप धावली, की झोळी डुले. जीप थांबली, की गुर्र गुर्र करत उभी राही. बाळांना छान झोप लागे.

पण एक दिवस काय झालं? जीप थांबली, आणि लागली थरथरायला.

धडधड खडखड! धडधड खडखड!

टच्! झोळीचा धागा तुटला. तिळूने दुसरा काढला. टच्! तोही तुटला. तिसरा काढला. टच्! आता उरला एकच धागा. गाठोडं लोंबू लागलं.

हौसाक्काने जीप नेली दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात. चिंचेखाली उभी केली. किल्ली फिरवली. जीप गप्प झाली.

तिळूला रडू आलं होतं. पण रडत बसली, तर झोळी कोण वाचवणार? ती सर्र सर्र पुढे आली.

"जीपताई, जीपताई, नीट राहा.
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

जीप म्हणाली, "मी कशी राहू? प्लग पेटेना. आधी प्लगला सांग."

तिळू निघाली. सर्र सर्र, बॉनेटच्या फटीतून आत. आत काळोख. आत गरम गरम. आणि आत बसला होता प्लग. चिंब ओला.

"प्लगदादा, प्लगदादा, पेट ना.
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

प्लग म्हणाला, "मी कसा पेटू? थेंब थांबेना. सारखा माझ्या डोक्यावर! आधी थेंबाला सांग."

तिळूने वर पाहिलं. वर एक हिरवा थेंब. जीपचं पाणी हिरवं असतं बरं का. त्याने जीप गार राहते. आपण नाही हं प्यायचं.

"थेंबा, थेंबा, थांब ना.
प्लग पेटेना,
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

थेंब म्हणाला, "मी कसा थांबू? नळी तोंड..."

टप्! फुस्स! थेंब पडला प्लगच्या डोक्यावर, तिथून गरम लोखंडावर. झाली त्याची वाफ.

दुसरा थेंब म्हणाला, "...मिटेना. आधी नळीला..."

टप्! फुस्स!

तिसरा थेंब म्हणाला, "...सांग."

टप्! फुस्स!

तिळू गेली नळीकडे. सर्र सर्र. नळी होती रबराची, जाडजूड. आ वासून बसली होती.

"नळीबाई, नळीबाई, तोंड मिट ना.
थेंब थांबेना,
प्लग पेटेना,
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

नळी म्हणाली, "मी कशी मिटू? क्लिप धरेना. आधी क्लिपला सांग."

क्लिप म्हणजे नळीच्या गळ्यातला पट्टा. पट्टा झाला होता सैल. ढिला ढिला ढगळा!

"क्लिपताई, क्लिपताई, धर ना.
नळी तोंड मिटेना,
थेंब थांबेना,
प्लग पेटेना,
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

क्लिप म्हणाली, "मी कशी धरू? पाना फिरेना. आधी पान्याला सांग."

पाना कुठे? बाहेर. चिंचेखाली गोणपाटावर. तिळू जीपवरून खाली आली. सर्र सर्र सर्र. तिला धाप लागली.

"पानादादा, पानादादा, फिर ना.
क्लिप धरेना,
नळी तोंड मिटेना,
थेंब थांबेना,
प्लग पेटेना,
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

पाना म्हणाला, "मी कसा फिरू? मिस्त्री उचलेनात. आधी मिस्त्रींना सांग."

दस्तगीर मिस्त्री होते जीपखाली. फक्त पाय बाहेर. त्यांनी जमीन पाहिली. कोरडी. पुढे पाहिली. कोरडी. मागे पाहिली. कोरडी ठणठणीत.

"रोज तांब्याभर पाणी घालते," हौसाक्का म्हणाली. "मग ते जातंय कुठं?"

"गळती दिसल्याबिगर पाना कुठं लावू, आक्का?" मिस्त्री बाहेर आले. त्यांनी बॉनेट वर केलं. "म्हातारी झाली जीप. भंगारात द्या."

हौसाक्काने जीपवर हात ठेवला. तिला फार वाईट वाटलं.

आणि तिळूला? भंगारात जीप, तर भंगारात आरसा. मग बाळं कुठे? तिळू मिस्त्रींच्या खांद्यावर चढली. कानाशी गेली. सगळा जीव एकवटून म्हणाली,

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, उचला ना.
पाना फिरेना,
क्लिप धरेना,
नळी तोंड मिटेना,
थेंब थांबेना,
प्लग पेटेना,
जीप नीट राहीना,
माझ्या बाळांची झोळी टिकेना."

मिस्त्रींनी काय केलं? कान खाजवला.

ऐकूच आलं नाही! तिळाएवढ्या कोळिणीचा आवाज तो केवढा?

पण तिळू काही कमी नव्हती. आवाज नसेल मोठा, धागा तर आहे! ती गेली परत नळीपाशी. सर्र सर्र सर्र. एक टोक इकडे बांधलं. एक टोक तिकडे बांधलं. नळीच्या अगदी खाली झाला एक लांब धागा.

आता आला थेंब.

टप्!

फुस्स? नाही! थेंब धाग्यावर अडकला.

दुसरा आला. टप्! तोही अडकला. तिसरा आला. टप्! धाग्यावर तीन हिरवे मणी. त्यांच्यावर ऊन पडलं. मणी चकचक चमकले.

मिस्त्री वाकले. डोळे बारीक केले. मग हसले.

"आक्का, या इकडं. ही बघा गळती. जमिनीवर कशी दिसंल? वरच्या वर वाफ होतीया. या कोळिणीनं धरून ठेवली म्हणून घावली."

मग काय झालं?

मिस्त्रींनी पाना उचलला.
पाना फिरला, गर्र गर्र गर्र.
क्लिपने नळी धरली, घट्ट.
नळीने तोंड मिटलं, गप्प.
थेंब थांबला.
प्लग पुसला, सुकला, पेटला. चट् चट् चट्!

जीप हिरवं पाणी प्यायली. घट घट घट. हौसाक्काने किल्ली फिरवली. सगळ्यांनी कान टवकारले.

गुर्र गुर्र. गुर्र गुर्र.

धडधड नाही. खडखड नाही. जीप उभी राहिली, शहाण्या मुलीसारखी. तिळूने भराभरा धागे काढले. एक. दोन. तीन. चार. एकही तुटला नाही. झोळी टिकली!

हौसाक्काला इतका आनंद झाला, की तिने फडकं घेतलं आणि जीप पुसायला लागली. दार पुसलं. काच पुसली. उजवा आरसा पुसला. मग आली डाव्या आरशापाशी.

तिळू आडवी झाली झोळीवर. आठही पाय पसरून.

हौसाक्काने पाहिली झोळी. पाहिलं गाठोडं. आणि फडकं खाली घेतलं.

"राहा बाई," ती म्हणाली. "जीप तुझीच."

आता हौसाक्का रोज जीप पुसते. सगळी पुसते. तेवढा एक कोपरा सोडून. जीप रोज बाजाराला जाते. वांगी आत, तिळू आरशात. आणि जीप थांबली, की...

गुर्र गुर्र. गुर्र गुर्र.

शूऽऽ. हळू बोला. तिळूची बाळं झोपलीत.