झिपऱ्याचा न कुजणारा खोपा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे प्लॅस्टिक नुकतंच गावात आलं होतं तेव्हा, विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांची रीत अशी, की नराने खोपा विणायचा, मादीने आत शिरून पारखायचा आणि पसंत पडला तरच संसार मांडायचा.

झिपऱ्याने गवत सोडून प्लॅस्टिकच्या हिरव्या पट्ट्यांचा खोपा विणला.

"बघ चंद्रे, वाळणार नाही, कुजणार नाही. कायम हिरवागार."

चंद्री आत शिरली आणि गुदमरून बाहेर आली. तिचं टाळकंच सरकलं. "यात वारा कुठून येणार रे?"

"वाऱ्याचं काय काम? घर कसं बंदिस्त हवं."

"मग उन्हं उतरेपर्यंत तूच बस आत. मला अंडी उबवायची आहेत, उकडायची नाहीत."

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माना बाहेर काढल्या होत्या, म्हणून झिपऱ्या ऐटीत आत गेला. थोड्याच वेळात चोच वासून, धापा टाकत बाहेर पडला.

"काय, कसं आहे घर?" चंद्रीने विचारलं.

"दिसायला छान आहे," झिपऱ्या म्हणाला.

तोवर चंद्री शेजारच्या गवताच्या खोप्यात शिरलीसुद्धा होती.

पुढे विहीर आटली, बाभळ वाळली, पाखरं गेली. झिपऱ्याचा खोपा मात्र अजून लटकतोय. अगदी हिरवागार.