जिवंत हाताचं पाणी

एका राज्यात मेलेली माणसं आपलं काही सोडत नसत. मेलेल्याला जाळून, राख नदीत सोडून लोक घरी येत, तर दार उघडत नसे. पेटी उघडत नसे, कणगीतलं धान्य निघत नसे, गाय पान्हा सोडत नसे. ज्याचं जे होतं ते मेल्यावरही त्याचंच राही. बायकापोरं अंगणात चूल मांडत आणि आपल्याच घराकडे बघत बसत.

हा एका चेटकिणीचा शाप होता. तिचा नवरा काही न सांगता-सवरता गेला, तेव्हा दिरांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. ती राजाकडे गेली. त्या वेळच्या राजाने हात झटकले. चेटकीण म्हणाली, "इथे जो जिवंतपणी पाणी सोडून देणार नाही, त्याचं मेल्यावर कोणाला मिळणार नाही. इथला राजा राजीखुशीने देईल, तेव्हाच माझा शाप सुटेल."

उपाय तसा सोपा होता. घेणाऱ्याच्या तळहातावर पाणी सोडायचं, 'हे तुझं' म्हणायचं, झालं. पण लोक शहाणे ना! जो तो शेवटच्या घटकेपर्यंत थांबे, कसंबसं पाणी सोडी आणि मरे. बघणाऱ्यांनी ठरवलं, पाणी सोडलं म्हणूनच मेला. मग धडधाकट माणूस त्या वाटेला जाईना. राजेही तसेच. रडतभेकत, दुसऱ्याने हात धरला तेव्हा देत. त्यात राजीखुशी कुठली?

राजा अजिंक्यसेन म्हातारा झाला. हात कापू लागला, घास मिशीत सांडू लागला, बोलता बोलता शब्द हरवू लागले. राज्याच्या मोठ्या तळ्याला एक दगडी दार होतं आणि ते फक्त राजाच्या हाताने उघडे. राजा तसाच गेला तर तळं कायमचं बंद होणार, शेतं करपणार, माणसं तहानेने तडफडणार. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं.

बोलली ती राजाची एकुलती लेक, केतकी.

"आबासाहेब, तळ्याचं दार मला द्या."

राजाचा चेहरा उतरला. "माझ्या मरणाची वाट बघतेस?"

"नाही, आबासाहेब. भीती वाटते म्हणून मागते."

"चालती हो," राजा म्हणाला. "मी बोलावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

केतकी राजवाड्याबाहेर पडली. बापाने असं म्हणावं याचं दुःख तिला आवरेना. तळ्याच्या बांधावर बसून ती पोटभर रडली. तिथे बाभळीवर एक भारद्वाज होता. तो माणसासारखा बोले.

"मुली," भारद्वाज म्हणाला, "जी तयारी तू केली नाहीस, ती बापाने करावी म्हणतेस. आधी तू कर. आपल्या चितेची लाकडं आपल्या हाताने रचून ठेव. तुझे हात चालेनासे होतील तेव्हा तुला कोण भरवेल, ते त्या माणसाला तोंडावर विचार. आणि देववत नाही असं जे तुझ्याजवळ आहे, ते पाणी सोडून दे. मग बापाकडे जा. पण लवकर जा."

केतकी रानात गेली. लाकडं तोडताना हाताला फोड आले. एकेक ओंडका रचताना तिला वाटे, यावर माझं डोकं येईल, इथे माझे पाय. वाटेने जाणारे तिला बघून तोंड फिरवत आणि लांबून जात.

मग ती दारोदार विचारत फिरली. "मी लुळी पडले तर मला भरवाल?" लोकांनी दारं लावली. अखेर ती लहानपणच्या मैत्रिणीकडे, मंजुळा कोष्टिणीकडे आली. मंजुळाचा माग थांबला.

"भरवीन," ती म्हणाली. "मऊ भात करीन. पण बाई, असलं विचारू नये गं."

केतकीच्या हातात आईचे तोडे होते. आईने पाणी सोडून ते तिला दिले आणि तिथेच मान टाकली. केतकीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिने जीव मुठीत धरून मंजुळाच्या तळहातावर पाणी सोडलं. "हे तुझे," ती म्हणाली आणि डोळे मिटून मरणाची वाट बघत उभी राहिली. मरण आलं नाही. नुसतेच हात मोकळे झाले, आणि ते तिला मरणाहून जड गेलं.

ती धावत राजवाड्यात आली. पण या सगळ्याला वेळ लागला होता. राजा गवाक्षात बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तू कोणाची?"

केतकी त्याच्यासमोर खालीच बसली. मीच तुमची केतकी, इथपासून लाकडांचं, भाताचं, तोड्यांचं, सगळं तिने सांगितलं. परक्याची गोष्ट ऐकावी तसं राजाने ऐकलं.

"पाणी सोडलंस आणि मेली नाहीस?"

"नाही मेले, महाराज."

"मग मलाही एक द्यायचंय." राजाचा स्वर खाली आला. "मला एक मुलगी आहे. केतकी. मी तिला घालवून दिलं. ती आता यायची नाही. तू तिच्या वतीने हात पुढे कर."

केतकीने हात पुढे केला. राजाने कापऱ्या हाताने झारी उचलली. निम्मं पाणी सांडलं, निम्मं तळहातावर पडलं. "तळ्याचं दार केतकीचं," तो म्हणाला. कोणी त्याचा हात धरला नव्हता.

शाप सुटला. गावोगावची बंद दारं कुरकुरत उघडली. बायकापोरं चूल उचलून आत गेली, गाईंनी पान्हा सोडला. केतकीने तळ्याचं दार लोटलं आणि पाणी पाटांतून धावलं. लोकांनी तिला गादीवर बसवलं. जो तो धडधाकट असतानाच आपलं द्यायला शिकला. राज्याची घडी बसली.

राजा त्यानंतरही जगला. केतकी रोज त्याला आपल्या हाताने भरवी. आणि तो रोज विचारी, "बाई, केतकीला निरोप पोचवलास?"

"पोचवला, महाराज."

"रागावली होती?"

"नाही. म्हणाली, आबासाहेबांवर माझा राग नाही."

राजा घास तोंडात तसाच धरून दाराकडे बघत राही.

"मग ती येत का नाही?" तो विचारी.

केतकी पुढचा घास कालवी. त्याला काय उत्तर द्यावं, हे ही कहाणी सांगणाऱ्यालाही माहीत नाही.