ओरखडा नसलेली जीप

डोंगरवाटांवर जीप चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब खर्डेकर म्हणजे नुसता तोरा! त्या वर्षीची शर्यत करवंदीच्या जाळ्यांमधल्या बोळातून गडावर जायची होती. मागच्या बाजूचा डांबरी रस्ता स्पर्धकांना बंद होता. मानाची म्हणून अण्णासाहेबांची जीप सर्वांत आधी, एकटीच सुटली आणि अर्थातच आधी पोहोचली.

पाठोपाठ कुंदा वाळिंबे आली. अण्णासाहेबांनी तिच्या जीपचा काळा प्लास्टिकचा बंपर चारचौघांत दाखवला. त्यावर पांढरे ओरखडेच ओरखडे!

"ही काय गाडी चालवायची रीत झाली? माझी बघा, एक चरा नाही. चषक माझाच!"

मंडळी थक्क झाली. खरंच, अध्यक्षांचा बंपर दुकानातून आत्ताच आणल्यासारखा होता.

कुंदाने हात जोडले. "चुकलंच माझं, अण्णासाहेब. आता उतरताना त्याच बोळातून तुम्ही पुढे चला. आम्ही मागून चालत येतो आणि शिकतो."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आता नाही कसं म्हणणार? बोळाच्या तोंडाशी काटेरी फांद्या दोन्ही बाजूंनी प्लास्टिकला घासल्या, करकर आवाज झाला आणि अण्णासाहेबांनी कचकन ब्रेक दाबला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ते ओरडले. "इथून ओरखडे न पडता गाडी जाईलच कशी?"

मागून चालत येणारी मंडळी जीपभोवती गोळा झाली.

कुंदा खिडकीशी वाकली. "मग सकाळी कशी आली हो?"