तुरेबाजच्या पोरांची चढाई

या डोंगरांना माणसांनी अभयारण्य म्हणायच्या आधीची गोष्ट. इथल्या वानरांची एक रीत होती. सुळक्यावर जाऊन आलेल्या पोराने वर काय पाहिलं ते टोळीतल्या म्हाताऱ्या आजोबांना सांगायचं, तरच त्याची चढाई धरली जाई.

तुरेबाज वानराला मोठी घाई. आपली पोरं टोळीत सगळ्यांच्या आधी चढून आली पाहिजेत! पण वाटेत धाकटी मुंग्यांशी गप्पा मारत बसली, थोरला करवंदांच्या जाळीतून हलेना. वैतागून त्याने धाकटीला बायकोच्या पोटाला चिकटवलं, थोरल्याला स्वतःच्या.

"अहो, बघू द्या की त्यांना," बायको म्हणाली.

"वर गेल्यावर बघतील!"

वर वारा असा भणाणला की पोरांनी डोळेच उघडले नाहीत.

संध्याकाळी टोळी जमली. "काय पाहिलंस, बाळा?" आजोबांनी विचारलं.

"बाबांचं पोट," थोरला म्हणाला. "त्यावर तीळ आहे."

टोळी फांद्यांवरून पडेपर्यंत हसली.

"चढाई धरली," आजोबा म्हणाले, "पण बापाची."

तुरेबाज बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग बायकोला हळूच म्हणाला, "उद्या परत निघू. पोरं आपल्या पायांनी चालतील."

"आणि अंधार पडला तर?"

"झोपू वाटेतल्या झाडावर. आपल्याला काय, झाडं कमी आहेत?"