चार मॅटचं फिटिंग

नव्या गाडीच्या बिलात पायाखालच्या चार मॅट आणि वर त्यांच्या ‘फिटिंग’चे आठशे रुपये पाहून खळदकर थकल्या आवाजात म्हणाले, “अहो, अंथरायच्याच ना?”

“काका, वस्तू वेगळी, बसवणं वेगळं. नियम आहे,” शोरूमचा मॅनेजर म्हणाला.

वाद घालायचं त्राण खळदकरांच्या नोकरीतच संपलं होतं. ते गुमान गाडीशेजारी उभे राहिले. गळ्यात हार पडला, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आली.

“हसा ना काका! हसरा फोटो कंपनीला पाठवावा लागतो.”

“चेहरा आणलाय. त्यावर हसू बसवणं वेगळं. आठशे.”

कॅमेरा खोळंबला. मागे दुसरं गिऱ्हाईक हारासाठी ताटकळलं. शेवटी मॅनेजरनं बिलातली फिटिंगची ओळ खोडली.

खळदकर हसले. मॅट अंथरण्याइतकाच वेळ लागला.