गडग्याबाहेरची जागा

न्यू इंग्लंडातल्या विटकम गावाच्या वेशीवर जुनं दफनस्थान आहे. भोवती दगडांचा गडगा, आत ऐसपैस जागा. तरी गावाची थडगी गडग्याबाहेर, ओढ्याकाठी दाटीवाटीनं उभी आहेत. गावातली म्हातारी डोर्कस पाहुण्यांना त्याचं कारण सांगते, आणि सांगताना तिचा आवाज अजून कडक होतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई तेव्हा नुकतीच संपली होती, असं सांगतात. जोथम पेलची आई मर्सी वारली. चर्चचा कारभारी थॅडियस याच्याशी भांडून तिनं प्रार्थनेला जाणं सोडलं होतं. जोथम जागा मागायला गेला, तर थॅडियस दारातूनच म्हणाला, "गडग्याबाहेर जागा आहे."

जोथमनं आईला गडग्याला लागून बाहेर पुरलं, तिच्या शेजारची जागा स्वतःसाठी राखली आणि निवडणुकीला उभा राहिला. राज्याच्या विधिमंडळात तो वर्षानुवर्षं बसला, म्हणे. कुणाला पूल हवा, कुणाला गिरणी. जोथमचं मत तयार. सगळे सभासद उपकाराखाली आले तेव्हा त्यानं एक साधंसं विधेयक मांडलं: विटकमची हद्द गडग्यापर्यंत मागे घ्यावी. कुणी नीट वाचलंही नाही. ते मंजूर झालं, दफनस्थान हद्दीबाहेर गेलं आणि विटकमचे वाडवडील शेजारच्या ऑरिन गावात जाऊन पडले. दोन्ही गावांचं हाडवैर. ऑरिनकडे जागा मागायची म्हणजे नाक घासणं.

त्या हिवाळ्यात थॅडियसची नात गेली. म्हातारा जोथमच्या दारात आला.

"पोरीला तिच्या आईशेजारी ठेवू दे रे. ऑरिनला तू एक शब्द टाक."

याच घडीची जोथमनं इतकी वर्षं वाट पाहिली होती. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तो म्हणाला, "गडग्याबाहेर जागा आहे."

थॅडियसनं ऐकलं. मर्सीच्या शेजारी, जोथमनं राखलेल्या जागेतच त्यानं नातीला पुरलं. जोथमला अडवता येईना; बोलून तोच बसला होता. पुढे गावातलं जे जे गेलं ते तिथंच गेलं, आणि मर्सीच्या पायथ्यालाही जागा उरली नाही.

जोथम वारला, तेव्हा मात्र गावची मंडळी टोप्या काढून ऑरिनला गेली आणि एका माणसापुरती जागा मागून आली. त्याला गडग्याच्या आत पुरलं, आईपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात.

आजही विटकममध्ये माणूस गेलं की घरचे आधी मर्सीच्या थडग्यापाशी येऊन विचारतात, "मर्सीबाई, जागा आहे का?" तिच्या लेकासाठी तेवढं तिला कुणी विचारलं नाही.